पीटच्या दलदलीतला सागो: स्टार्च, नूडल्स आणि दाणे

निकाल आधी. सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यालगत, इंडोनेशियाच्या रिआउ प्रांतात मेरांती नावाचा बेटांचा जिल्हा आहे. तिथल्या ओल्या पीट (अर्धवट कुजलेल्या झाडोऱ्याच्या) जमिनीत सागो माड वाढतो आणि त्याच्या खोडातल्या पिठूळ गाभ्यापासून तीन प्रकारचा माल निघतो: कोरडं स्टार्च, नूडल्स आणि भाजलेले दाणे. नूडल्स मिळाल्या तर बेलाशक घ्या. स्टार्च कॉर्नफ्लोअरच्या जागी उत्तम, साबुदाण्याच्या पिठाच्या जागी नाही. दाणे खिचडीसाठी घेणार असाल तर पैसे वाया जातील. आणि यांपैकी कुठल्याही पाकिटावर हिरवं पान छापून ‘हवामानस्नेही’ असं लिहिलं असेल, तर विक्रेत्याला एकच गोष्ट विचारा: माड उभा होता त्या जमिनीत पाणी किती खोल होतं?

आपल्याकडे साबुदाणा म्हणून जो विकला जातो, तो कसाव्याच्या कंदाचा असतो आणि त्यातला बराचसा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियाकडून येणारा माल थांबला, तेव्हा तिथे कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. १९८१ साली ‘सागोसर्व्ह’ ही उत्पादकांची सहकारी संस्था निघाली, २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कसावा हे कोरडवाहू-बागायती पीक, त्याचा दलदलीशी संबंध नाही. इथे ज्या मालाबद्दल लिहिलं आहे तो वेगळ्या झाडाचा, मेट्रोझायलॉन सागु या माडाचा. कोकण-गोव्यात भेर्ली माड ज्यांनी पाहिला आहे त्यांना कल्पना येईल. त्याच्याही खोडात असंच पीठ साठतं आणि फुलोरा येऊन गेला की झाड संपतं. फरक असा की सागो माड बुंध्यापाशी मुनवे सोडत राहतो. एक खोड तोडलं तरी माडाचं बेट, म्हणजे खोडांचा पुंजका, जिवंत राहतं, पुन्हा लागवड करावी लागत नाही.

पाण्याचा हिशोब

पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली साचलेला, हवा न मिळाल्यामुळे पूर्ण न कुजलेला झाडोरा. सुमात्रात त्याचे थर कित्येक मीटर जाडीचे आहेत. जगाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्केच पीट आहे, पण त्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यातल्या कार्बनपेक्षा जास्त आहे. चर खणून पाणी काढलं की हवा आत शिरते, कुजणं सुरू होतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि जमीन अक्षरशः खचते. सुमात्रातल्या निचरा केलेल्या मळ्यांवर झालेल्या मोजणीत पहिल्या ५ वर्षांत जमीन सुमारे १.४ मीटर खाली गेली आणि त्यानंतर दर वर्षी साधारण ५ सेंमी जात राहिली. समुद्रसपाटीपासून जेमतेम वर असलेल्या बेटावर याचा अर्थ काय होतो ते किनाऱ्याजवळ शेती करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. खारं पाणी आत येतं आणि मग चर असून उपयोग नाही, पंप लागतात.

तेलताडाला पाणी साधारण ६० ते ८० सेंमी खाली लागतं, कागदाच्या लगद्यासाठीच्या अकेशियालाही तसंच किंवा त्याहून खाली. सागो माडाला तशी गरज नाही. हवामान बदलासंबंधीच्या आंतरशासकीय मंडळाने २०१३ च्या पाणथळ जमिनींच्या पुरवणीत उष्णकटिबंधीय पीटसाठी जे आकडे धरले आहेत, त्यांत तेलताडाखालच्या निचरा केलेल्या पीटमधून हेक्टरी वर्षाला ११ टन कार्बन, म्हणजे सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड जातो. अकेशियाखाली २० टन कार्बन, म्हणजे सुमारे ७३ टन कार्बन डायऑक्साइड. आणि ३० सेंमीपेक्षा उथळ निचरा असलेल्या जमिनीसाठी, ज्याचं उदाहरण म्हणून सागोच दिला आहे, १.५ टन कार्बन, म्हणजे साडेपाच टन कार्बन डायऑक्साइड. या शेवटच्या आकड्याची खात्रीची मर्यादा बरीच रुंद आहे, शून्याच्या खालपासून ५ टन कार्बनच्या वरपर्यंत. शिवाय ओल्या जमिनीतून मिथेन निघतो, तो यात नाही. तो धरला तरी तराजू ओल्या जमिनीकडेच झुकतो, पण ‘सागो म्हणजे शून्य उत्सर्जन’ असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

युरोपातही याच विचारावर काम चालू आहे. जर्मनीच्या ग्राइफ्सवाल्डमध्ये पीटवरच्या ओल्या शेतीचा अभ्यास गेली काही दशकं होतो आहे. माल्खिन गावात २०१४ पासून ओल्या कुरणातलं गवत जाळून घरांना ऊब पुरवणारं केंद्र चालतं, पाणकणसाच्या पानांपासून भिंतीचे उष्णतारोधक तक्ते बनवले गेले आहेत. पण तिथे गवत, बोरू, शेवाळ. खाण्याचं मुख्य पीक नाही. ओल्या पीटवर माणसाच्या ताटात जाणारं, पिढ्यान्‌पिढ्या बाजार असलेलं पीक पाहायचं तर मेरांतीसारख्या भागाकडेच यावं लागतं.

त्या जिल्ह्यातल्या तेबिंग तिंग्गी बेटावर सुंगाई तोहोर हे सागोचं गाव आहे. तिथल्या लोकांचा माड जुना. बिघाड बाहेरून आला. औद्योगिक लागवडीसाठी मोठे कालवे खणले गेले, पीट वाळलं आणि २०१४ च्या सुरुवातीच्या कोरड्या महिन्यांत आग लागली. पीटची आग जमिनीखाली धुमसते. वरून पाणी मारून ती विझत नाही, आणि एकदा कडक वाळलेलं पीट पाणी पुन्हा धरतही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो गावात आले आणि कालव्यावर बंधारा घालण्याच्या कामाला त्यांनी स्वतः हात लावला. २०१५ मध्ये देशभर सुमारे २६ लाख हेक्टर जळाल्यावर २०१६ च्या जानेवारीत पीट पुनरुज्जीवनासाठी वेगळी संस्था स्थापन झाली, तिच्यापुढे २० लाख हेक्टरांचं उद्दिष्ट होतं.

बंधारा साधा दिसतो, पण फसतो अनेक तऱ्हांनी. कालव्यात आडव्या दोन रांगांत लाकडी मेढी ठोकतात, आतल्या बाजूला कापड किंवा ताडपत्री लावतात आणि मधली जागा मातीच्या किंवा पीटच्या पोत्यांनी भरतात. मधोमध सांडवा ठेवावाच लागतो. नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात पाणी बाजूने वाट काढतं आणि बंधारा जागच्या जागी उभा राहून कालवा शेजारून वाहू लागतो. पीट सच्छिद्र असल्यामुळे पाझर तळातूनही होतो, म्हणून मेढी खालच्या घट्ट थरापर्यंत जाव्या लागतात आणि दोन्ही टोकं काठात कित्येक मीटर आत घुसवावी लागतात. एका बंधाऱ्यावर सगळा भार टाकण्यापेक्षा पायऱ्यांसारखे अनेक घालायचे, प्रत्येकाच्या वरच्या आणि खालच्या पाण्यात २५ ते ५० सेंमीपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही. लाकूड काही वर्षांत कुजतं. दुरुस्तीचा पैसा योजनेत धरलेला नसेल तर ५ वर्षांनी तिथे फक्त खुंट दिसतात.

इतर पिकांच्या गावात बंधारे फुटण्याचं आणखी एक कारण असतं: होडी जात नाही म्हणून लोकच ते फोडतात. सागोच्या गावात मात्र कालव्यात पाणी असणं ही धंद्याचीच गरज आहे. तोडलेलं खोड साधारण मीटरभराच्या ओंडक्यांत कापतात, ओंडके एकमेकांना बांधून कालव्यातून तरंगत गिरणीपर्यंत नेतात. पाणी आटलं तर माल रानातच अडकतो. म्हणून बंधाऱ्यावर ओंडके ओढून नेण्यासाठी उतरण ठेवली की शेतकरी त्याची राखण स्वतः करतो. या मालाच्या बाजूने आम्हाला सर्वांत पटणारा मुद्दा हाच आहे. इथे निसर्गरक्षण आणि नफा एकाच पाण्यावर अवलंबून आहेत.

इंडोनेशियाच्या नियमानुसार लागवडीखालच्या पीटमध्ये पाणी ४० सेंमीपेक्षा खाली जाता कामा नये. हा आकडा तडजोडीचा आहे. वरचं ४० सेंमी पीट कोरडं राहिलं तर तेवढं कुजतच राहतं. चांगल्या मळ्यात पावसाळ्यात पाणी जमिनीला टेकलेलं आणि कोरड्या महिन्यांतही २०-३० सेंमीच्या आत असायला हवं. मोजायला काही महागडं लागत नाही. छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप पीटमध्ये उभा गाडायचा, वर टोपण, आणि आठवड्यातून एकदा काठी बुडवून नोंद. रिआउमध्ये फेब्रुवारी-मार्च आणि जून ते सप्टेंबर असे दोन कोरडे काळ येतात, त्या दिवसांतल्याच नोंदी मागाव्यात. पावसाळ्यातली नोंद कुणाचीही छान असते.

माड, मुनवे आणि दहा वर्षांची वाट

आता उलट बाजू. सागो माडाला दलदल सोसते याचा अर्थ त्याला सतत साचलेलं पाणी आवडतं असा नाही. कायम बुडालेल्या जागी तो खुरटतो. खोल पीटमध्ये तर अन्नद्रव्यंच कमी असतात, विशेषतः पालाश, तांबं, जस्त आणि बोरॉन, त्यामुळे खोड धरायला उशीर होतो. मलेशियाच्या सारावाक राज्यात मुकाह भागात खोल पीटवर मोठ्या मळ्यांची लागवड झाली, तिथे कित्येक बेटांना वर्षानुवर्षं नुसत्या झावळ्याच येत राहिल्या. मेरांतीतले शेतकरी किनाऱ्याकडच्या, भरती-ओहोटीने पाणी हलत राहणाऱ्या पट्ट्याला पसंती देतात त्यामागे हेच कारण आहे.

लागवड मुनव्यांनी होते. २ ते ५ किलो वजनाचा, खाली जाड कंद असलेला मुनवा निवडतात, झावळ्या छाटतात आणि कालव्यातच तराफ्यावर, मुळं पाण्यात राहतील असा सुमारे तीन महिने ठेवतात. नवीन मुळं आणि दोन-तीन पानं आली की लावतात. थेट रानात लावलेले मुनवे बरेच मरतात, आणि कापलेली जागा उघडी राहिली तर सोंड्या भुंगा शिरतो. अंतर ८ बाय ८ मीटर (हेक्टरी सुमारे १५६ बेटं) किंवा १० बाय १० (१०० बेटं). पहिली तीन-चार वर्षं भोवतालचं गवत काढणं हेच मुख्य काम. त्यानंतर सर्वांत जास्त चुकतं ते मुनव्यांच्या विरळणीत. प्रत्येक बेटात दीड-दोन वर्षांतून एकच मुनवा राखायचा, बाकीचे कापायचे. केळीत जसा एक राखतात तसाच. दुर्लक्ष झालं तर बेटाचं जंगल होतं, सगळे मुनवे झावळ्यांत अडकतात आणि खोड एकाचंही धरत नाही.

पहिली तोड १० वर्षांनी, पीटवर १२ किंवा त्याहून जास्त. वेळ ओळखणं हेच कौशल्य आहे. शेंड्याच्या झावळ्या आखूड होऊ लागल्या आणि पोय (फुलोरा) बाहेर पडायच्या बेतात आली की खोडात स्टार्च सर्वाधिक असतं. पोय उमलली की तेच स्टार्च फुलाफळांकडे जातं आणि खोड पोकळ निघतं. चांगल्या खोडातून १५० ते ३०० किलो कोरडं स्टार्च निघू शकतं, पीटवर खालचा आकडा धरावा. कागदावरचा हिशोब असा: हेक्टरी १०० बेटं, प्रत्येकी दोन वर्षांतून एक खोड, म्हणजे वर्षाला ५० खोडं; गुणिले १५० किलो, म्हणजे साडेसात टन. खतं न घालणाऱ्या, विरळणीत मागे पडणाऱ्या छोट्या शेतकऱ्याच्या हाती याहून पुष्कळ कमी येतं. तेलताड तिसऱ्या-चौथ्या वर्षी पैसे देतो. सागोला दशकभर थांबायचं, मग मात्र बेट पिढीला पुरतं. जुनी बेटं असलेल्या गावाला सागो परवडतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मधल्या वर्षांत काय खायचं याचं उत्तर कुठल्याही जाहिरात-पत्रकात सापडत नाही.

स्टार्च

गिरणीतली कृती कुरडईच्या चिकासारखी आहे, फक्त आकार प्रचंड. ओंडक्याची साल काढायची, गाभा दाते बसवलेल्या फिरत्या ढोलावर किसायचा, कीस पाण्याने धुऊन चाळणीतून गाळायचा, दुधट पाणी लांब हौदांत निवळायला ठेवायचं आणि वरचं पाणी सोडून तळाचं स्टार्च उपसायचं. उपसलेलं ओलं स्टार्च तसंच विकतात किंवा वाळवतात. मेरांतीतून परंपरेने बराच माल जावा बेटावरच्या चिरेबॉनला आणि समुद्रापलीकडे मलेशियातल्या जोहोरकडे जातो.

प्रतीतला फरक पडतो तो दोन जागी. पहिली जागा म्हणजे वेळ. तोडलेल्या ओंडक्याच्या गाभ्यातली पॉलिफेनॉलं हवेशी भिडली की तपकिरी होतात, वांगं चिरून ठेवल्यावर होतं तीच क्रिया. ओंडका पाण्यात बुडवून ठेवला तर काही दिवस तग धरतो, काठावर उन्हात पडला तर नाही. दुसरी जागा म्हणजे धुण्याचं पाणी. पीटमधलं पाणी चहाच्या रंगाचं आणि आंबट असतं, त्याने धुतलेलं स्टार्च करडं-गुलाबी दिसतं. स्वच्छ पाण्याची सोय असलेल्या गिरणीचा माल पांढरट निघतो आणि त्याला भावही जास्त मिळतो. हलकी गुलाबी झाक असली म्हणून माल वाईट नव्हे. झगझगीत पांढरा रंग मात्र संशयास्पद, तो विरंजनाने येतो किंवा माल कसाव्याचा असतो. आंबूस वास हा खरा दोष. ओलं स्टार्च साठवलं की ते आंबतं, आणि उशिरा वाळवलेल्या मालात तो वास शिजवल्यावरही राहतो. खाद्य सागो पिठाच्या आशियाई कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्न-नियमावली) मानकात ओलावा १३ टक्क्यांपर्यंत चालतो. पाकीट उघडल्यावर गुठळ्या दाबून पाहा. बोटांत सहज फुटल्या तर ठीक, ओलसर चिकटल्या तर परत करा.

स्वयंपाकात हे टॅपिओकासारखं वागत नाही. सागोत अमायलोज (स्टार्चमधला, थंड झाल्यावर घट्ट बसवणारा घटक) सुमारे २७ टक्के असतं, कसाव्यात १७ ते २० च्या आसपास. म्हणून सागोची पेस्ट ७० अंशांच्या आसपास घट्ट होते आणि थंड झाल्यावर सुरीने कापता येईल अशी बसते. कसाव्याची पेस्ट पारदर्शक, ताणली जाणारी राहते. घरच्या घरी ओळखायची हीच रीत: २५ ग्रॅम स्टार्च २५० मिलि थंड पाण्यात कालवा, सतत ढवळत उकळी आणा, वाटीत ओतून दोन तास ठेवा. वाटी उलटी केल्यावर वडी सुटली तर सागो, तार धरली तर टॅपिओका. कोरडं पीठ चिमटीत चोळूनही अंदाज येतो. सागोचे कण मोठे, साधारण ३० मायक्रॉनचे असल्याने ते किंचित रवाळ लागतं, टॅपिओका रेशमी आणि कुरकुरणारं.

यावरून उपयोग ठरवावा. सूप घट्ट करणं, मंचुरियनचा लेप, कटलेटचं बांधणीचं पीठ, वडीसारखे थंड गोड पदार्थ: इथे कॉर्नफ्लोअरऐवजी तेवढंच सागो स्टार्च चालतं, तळणाला कुरकुरीतपणा चांगला येतो. उपवासाच्या थालीपीठात साबुदाण्याच्या पिठाऐवजी घातलं तर थालीपीठ गरम असताना छान, गार झाल्यावर चिवट. सागो ना धान्य ना कंद, उपवासाला चालतो का हे ज्याच्या त्याच्या घरी ठरवावं. पोषणाचं म्हणाल तर ते जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, प्रथिनं नगण्य. ग्लुटेन नाही एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल. मधुमेहींसाठी वरदान वगैरे जे दावे पाकिटांवर असतात ते सोडून द्यावेत.

पूर्व इंडोनेशियातली पापेडा करून पाहायची असेल तर १०० ग्रॅम स्टार्च १५० मिलि गार पाण्यात कालवून घ्या आणि खळखळ उकळतं अर्धा-पाऊण लिटर पाणी एका दमात ओतत जोरात ढवळा. पाणी उकळतं नसेल किंवा थोडं थोडं घातलं तर दुधट गोळ्या राहतात आणि त्या नंतर शिजत नाहीत. रंग काचेसारखा झाला की झालं. तिला स्वतःची चव नाही, आंबट माशाची आमटी हवी. मालवणी तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याबरोबर ती उत्तम जाते असं आमचं प्रामाणिक मत आहे.

नूडल्स आणि दाणे

जिल्ह्याचं मुख्य गाव सलातपांजांग, आणि तिथली खासियत म्हणजे ‘मी सागु’, सागोच्या नूडल्स. ग्लुटेन नसल्यामुळे नुसतं पीठ मळून त्या होत नाहीत. थोडं स्टार्च आधी शिजवून खळ करतात, ती उरलेल्या कोरड्या स्टार्चमध्ये मळतात, मग पोळी लाटून किंवा दाबून वाफवतात, गार करतात आणि कापतात. गार करणं महत्त्वाचं, कारण घट्टपणा तिथेच येतो. ज्या गुणामुळे सागो थालीपीठ बिघडवतो त्याच गुणावर नूडल्स उभ्या आहेत, आणि म्हणूनच तिन्हींत हा माल सरस आहे. रंग मळकट पारदर्शक, चावायला चिवट, तेलात परतल्यावरही तुटत नाहीत.

ताज्या ओलसर नूडल्सना पॅकमध्ये हलका आंबूस वास असू शकतो. गार पाण्याने दोनदा धुवायच्या, उकळत्या पाण्यातून मिनिटभरात काढून निथळायच्या. जास्त वेळ ठेवल्या तर बाहेरून बुळबुळीत होतात. तिथे त्या सुक्या छोट्या माशांबरोबर, मोड आलेले मूग, कांदापात आणि लाल मिरचीच्या वाटणात परततात. घरी सुका जवळा घातला तरी तोच थाट येतो. घेताना घटक वाचा. गव्हाचं पीठ मिसळलेल्या नूडल्सही ‘सागो’ म्हणून विकल्या जातात, आणि त्या ग्लुटेनमुक्त नसतात.

दाण्यांबद्दल थोडक्यात. सेलमचा साबुदाणा गोल करून तव्यावर भाजताना बाहेरचा थर अर्धवट शिजतो, म्हणून तो बेताच्या पाण्यात भिजून मोकळा फुलतो. सागोचे भाजलेले दाणे त्या पद्धतीने भिजवले तर मध्यभाग कोरडा राहतो, आणि जास्त पाणी घातलं तर बाहेरचा थर लगदा होतो. भरपूर उकळत्या पाण्यात टाकून, पांढरा ठिपका जाईपर्यंत शिजवून, गार पाण्याने धुऊन नारळाचं दूध आणि ताडगुळाबरोबर खावेत. खिचडी, वडे, पापड्या यांसाठी सेलमचाच साबुदाणा घ्यावा.

घेताना

भारतातल्या वाणसामानाच्या दुकानात हा माल मिळत नाही. सिंगापूर, मलेशियातल्या मराठी मंडळींना तो सहज मिळेल, पण नेमकी तिथेच फसगत होते. ‘सागो’ किंवा ‘सागु’ लिहिलेल्या पाकिटांतला पुष्कळ माल टॅपिओकाच असतो, मोत्यासारख्या पांढऱ्या दाण्यांच्या बाबतीत तर बहुतेक वेळा. मागच्या बाजूची घटकांची ओळ पाहा. तिथे टॅपिओका, ‘सिंगकोंग’ किंवा ‘उबी कायु’ असेल तर तो कसावा. मेट्रोझायलॉन किंवा सागो माड असा स्पष्ट उल्लेख असेल तरच पुढे जा.

त्यापुढची खातरजमा अवघड आहे. ‘ओल्या पीटवर पिकलेला’ असं खात्रीने सांगणारा शिक्का पाकिटावर सापडणार नाही. माड सागोचा असला तरी शेजारच्या मोठ्या कालव्याने जमीन कोरडी पडलेली असू शकते. म्हणून गावाचं आणि गिरणीचं नाव सांगणारा विक्रेता निवडावा, आणि विचारता आलं तर तीन गोष्टी विचाराव्यात: कालव्यावर बंधारे आहेत का आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली, कोरड्या महिन्यांतल्या पाण्याच्या नोंदी आहेत का, आणि मळा जुनाच आहे की उभं पीट-जंगल तोडून केला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नकोसं आलं तर बाकी दोन सोडून द्या. निचरा होऊन बिघडलेल्या जमिनीवर पाणी परत आणून लावलेला सागो हा फायदा. धड असलेलं दलदलीचं जंगल काढून लावलेला सागो हा तोटा, त्यात कितीही पाणी असलं तरी.

चौथी विचारणा गिरणीच्या चोथ्याची. गुण कापायचे तर आम्ही इथे कापू. किसलेल्या गाभ्याचा चोथा आणि साली गिरण्यांमागे थेट खाडीत जातात, तिथे कुजून पाण्यातला प्राणवायू खातात, आणि धुण्याच्या पाण्याबरोबर सुटलेलं स्टार्चही त्यात भर घालतं. उपाय माहीत आहेत: साल वाळवून गिरणीच्या भट्टीत, चोथा बदकांना आणि गुरांना किंवा खतात, धुण्याचं पाणी निवळण-तळ्यातून. सारावाक आणि पापुआत तर टाकून दिलेल्या खोडात सोंड्या भुंग्याच्या अळ्या वाढवून खातात, कोकणात ज्याच्या नावाने नारळवाले बोटं मोडतात त्याच्याच भाईबंद भुंग्यांच्या. पण हे उपाय करणाऱ्या गिरण्या कमी, आणि ज्या करतात त्या ते पाकिटावर छापत नाहीत.

सलातपांजांगला जायचंच असेल तर सिंगापूरहून बाताम आणि तिथून फेरीबोट. नूडल्स परतीच्या दिवशीच घ्या. ओलसर पॅक शीतकपाटाबाहेर फार टिकत नाही, आणि फ्रीजरमध्ये ठेवला तर वितळल्यावर नूडल्सचे तुकडे पडतात. स्टार्च मात्र हवाबंद डब्यात वर्षभर काही होत नाही.